सगोत्र प्रथिनांचा भिन्न अंमल

मनुष्यदेहातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे 20,000 प्रथिननिर्माती जनुके असतात, डीएनएच्या 300 कोटींहून अधिक अक्षरांचा तोच मजकूर असतो, आणि तरीही गालाच्या आतील अस्तराची पेशी चेतापेशीसारखी वागत नाही, की रक्तपेशी यकृताच्या पेशीचे काम अंगावर घेत नाही. याचे कारण असे, की कोणत्या पेशीत कोणत्या वेळी कोणते जनुक वाचले जावे आणि कोणते मिटलेले राहावे, याचा निर्णय बव्हंशी डीएनएवर ठिकठिकाणी येऊन बसणारी काही विशिष्ट प्रथिने करतात. जनुकाची आरएनएमध्ये प्रत उतरण्याच्या, म्हणजेच प्रतिलेखनाच्या क्रियेवर त्यांचा अंमल चालतो, म्हणून त्यांना प्रतिलेखन घटक असे नाव आहे. 2018 साली झालेल्या एका काळजीपूर्वक गणनेत मानवी जनुकसंचात असे 1,639 घटक भरले.

ही संख्या ऐकून कोणालाही असे वाटावे, की या प्रत्येक घटकाला डीएनएवरील एखादी स्वतंत्र खूण वाचता येत असेल आणि त्याचा अधिकार त्या खुणेपुरता ठरून गेलेला असेल. वस्तुस्थिती अशी सरळ नाही. हे घटक कुळाकुळांत विभागलेले आहेत: जस्ताच्या अणूभोवती बोटासारखी घडी घालणाऱ्या प्रथिनांच्या एकाच कुळात 700 हून अधिक घटक आहेत, होमिओडोमेन हा भाग धारण करणाऱ्यांची संख्या 200 च्या आसपास आहे, संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या केंद्रकीय ग्राहींचे कूळ 48 जणांचे आहे. एका प्राचीन जनुकाच्या पुनःपुन्हा प्रती होऊन ही कुळे विस्तारली, आणि म्हणून बहुतेक कुळांत प्रथिनाचा डीएनएला धरणारा भाग आपल्या भाऊबंदांसारखाच राहिला. जो भाग अक्षरे वाचतो तोच जर सारखा, तर वाचली जाणारी अक्षरेही सारखीच असणार. आणि प्रयोगशाळेत शुद्ध प्रथिन व शुद्ध डीएनए एकत्र करून पाहिले असता बहुतेक वेळा तसेच आढळते. परंतु जिवंत पेशीत मात्र हेच सगोत्र घटक निरनिराळी जनुके जागी करतात. एक स्नायू घडवितो तर दुसरा मज्जातंतू, एक पेशीला मरणाचा हुकूम देतो तर दुसरा तिच्या वाढीचा बंदोबस्त करतो. एकाच शब्दाचे वाचक इतकी भिन्न कामे कशी करतात, या प्रश्नाने जीवशास्त्रज्ञांना गेली चार दशके गुंतवून ठेवले आहे, आणि त्याच्या उत्तरांचा आढावा घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न आमच्या सीमाभागाला परका नाही. निपाणीच्या काळ्या जमिनीत पिकणारी विडीची तंबाखू, तिथल्या वखारी, विड्या वळून संसार चालविणाऱ्या हजारो स्त्रिया, 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन, हा सारा इतिहास खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातील प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्या तंबाखूने तोंडाच्या अस्तरात जो बिघाड होतो, त्याच्या मुळाशी गेल्यावर पी-53 आणि पी-63 ही दोन सगोत्र प्रथिनेच समोर उभी राहतात. म्हणून त्यांचा दाखला मी पुढे सविस्तर घेणार आहे.

प्रश्नाची घडण

जनुकांवर नियमन चालते ही कल्पना स्पष्ट रूपात मांडली गेली ती 1961 साली, फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी. आतड्यातील एका जिवाणूत दुग्धशर्करा पचविणारी जनुके साखर नसताना बंद राहतात आणि साखर येताच उघडतात, याचे कारण एखादा दमनकारी रेणू असला पाहिजे असे त्यांनी अनुमान केले. तो रेणू 1966 साली वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्यूलर-हिल यांनी प्रत्यक्ष वेगळा करून दाखविला, आणि पाठोपाठ 1967 मध्ये मार्क टाश्ने यांनी एका विषाणूचा दमनकारी रेणू डीएनएच्या नेमक्या जागी बसतो हे सिद्ध केले. जिवाणूचा डीएनए जेमतेम 46 लाख अक्षरांचा आणि दमनकारी रेणू वाचतो तो शब्द चांगला लांब. तेव्हा शब्द आणि वाचक यांची गाठ अचूक पडावी यात नवल नव्हते. हेच चित्र मोठे करून माणसाला लावले की काम झाले, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती.

ती समजूत फळमाशीने मोडली. एडवर्ड लुईस यांनी 1978 साली अनेक वर्षांच्या संशोधनाचे सार प्रसिद्ध करून दाखविले, की माशीच्या शरीराच्या कोणत्या खंडाला पाय फुटावेत आणि कोणत्या खंडाला पंख, हे ठरविणारी जनुके गुणसूत्रावर ओळीने मांडलेली असतात. यांपैकी एक जनुक भलत्या जागी जागे झाले तर माशीच्या डोक्यावर मिशांच्या जागी पाय येतात. 1984 साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेने, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेतील मॅथ्यू स्कॉट व एमी वाइनर यांनी, या जनुकांत एक समान तुकडा आढळल्याचे जाहीर केले. त्यापासून 60 अमिनो आम्लांचा जो भाग तयार होतो त्यालाच होमिओडोमेन म्हणतात. या हॉक्स जनुकांची माणसात चार पुंजांत मिळून 39 रूपे आहेत. परंतु ती प्रथिने एकेकटी तपासली असता जवळजवळ सर्वच जण टी-ए-ए-टी या चार अक्षरांभोवतीचाच शब्द पसंत करताना दिसली. डोके आणि पाठ, हात आणि पाय यांच्यातला भेद ज्यांनी करायचा तेच जर एकच शब्द वाचत असतील, तर भेद येतो कोठून?

आकडेमोड केली तर अडचण अधिकच स्पष्ट होते. डीएनएच्या चार अक्षरांतून सहा अक्षरांचा एखादा ठराविक शब्द निव्वळ योगायोगाने दर 4,096 अक्षरांमागे एकदा येतो. म्हणजे मानवी जनुकसंचात असा शब्द साडेसात लाखांहून अधिक ठिकाणी सापडेल. प्रत्यक्षात एखादा घटक एका पेशीत यांतल्या फार थोड्या जागा धरतो, आणि त्या जागांपैकीही सर्वच ठिकाणी जनुक जागे होते असे नाही. तेव्हा कोडे दुहेरी आहे: असंख्य समान शब्दांतून एक घटक आपली जागा कशी निवडतो, आणि एकाच शब्दाचे अनेक वाचक असताना त्यांतला नेमका कोण तेथे बसतो.

अक्षरांतील सूक्ष्म भेद आणि डीएनएचा आकार

पहिले उत्तर सर्वांत साधे आहे: शब्द समान भासतात, पण तंतोतंत समान नसतात. यासाठी दोन घटकांचा दाखला पुरेसा बोलका आहे. 1987 साली सिअ‍ॅटल येथे हॅरोल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत मायोडी हे जनुक सापडले. ते एकटे तंतुजनक पेशींत घातले असता त्या पेशी स्नायू बनू लागतात. न्यूरोडी-2 हा त्याच कुळातला घटक पेशीला चेतापेशीच्या मार्गाला लावतो. दोघांचाही शब्द सी-ए या जोडीने सुरू होऊन टी-जी या जोडीने संपतो, मधली दोन अक्षरे कोणतीही चालतात असे पूर्वी मानले जाई. पुढे स्टीफन टॅपस्कॉट यांच्या गटाने दोघांच्या बसण्याच्या जागा पेशीत मोजल्या, तेव्हा असे दिसले की मध्ये जी-सी असेल तर दोघेही बसतात, जी-जी असेल तर मायोडी अधिक बसतो आणि जी-ए असेल तर न्यूरोडी-2. एवढ्या एका अक्षराच्या फरकात किती सामर्थ्य आहे हे 2015 साली कळले: मायोडीचा डीएनए धरणारा भाग काढून त्या जागी न्यूरोडी-2 चा भाग बसविला, तेव्हा स्नायू घडविणारे ते प्रथिन चेतापेशींची जनुके जागवू लागले.

दुसरी सूक्ष्मता अक्षरांच्या पलीकडची, डीएनएच्या आकाराची आहे. डीएनएचा पेड सर्वत्र सारखा नसतो. काही ठिकाणी त्याची अरुंद खाच अधिकच आवळलेली असते आणि तेथे ऋणभार दाट होतो. 2007 साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड मान यांच्या प्रयोगशाळेतून रोहित जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की माशीतील एक हॉक्स प्रथिन आपल्या एका खास जागी जे ओळखते ते केवळ अक्षरे नसून खाचेचा हा आवळलेपणा आहे, आणि तो चाचपण्यासाठी ते होमिओडोमेनच्या बाजूची आपली दोन अमिनो आम्ले त्या खाचेत घालते. त्या जागेची अक्षरे बदलून ती सर्वसामान्य केली, तर इतर हॉक्स प्रथिनेही तेथे बसू लागतात आणि ओळख पुसली जाते.

सोबती

ही दोन उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत. कारण पुष्कळ सगोत्र घटकांत एवढाही फरक आढळत नाही. तेव्हा दृष्टी वळली ती सोबत्यांकडे. 2011 साली मान यांच्याच गटाने माशीच्या आठही हॉक्स प्रथिनांची परीक्षा एका सहायक प्रथिनाच्या संगतीत घेतली आणि असे आढळले, की एकटे असताना जी प्रथिने जवळजवळ सारखी वागत होती, ती सोबती मिळताच निरनिराळ्या शब्दांकडे वळली. भेद त्यांच्यात सुप्त होता. तो जागा झाला संगतीमुळे. 2015 साली युसी टायपाले यांच्या गटाने मानवी घटकांच्या शेकडो जोड्या तपासून हेच अधिक विस्ताराने दाखविले: दोन घटक डीएनएवर शेजारी बसले की त्यांचा जोडशब्द पुष्कळदा दोघांच्या वेगवेगळ्या शब्दांच्या बेरजेहून निराळा निघतो.

पाठीच्या कण्यातील मज्जेचा एक दाखला येथे उद्बोधक आहे. एलएचएक्स-3 हा घटक एका जोडणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने काम करीत असेल तर एका प्रकारच्या आंतरचेतापेशी घडतात. परंतु त्याच संचात त्याचा सगोत्र आयएसएल-1 सामील झाला, तर त्याच पेशींच्या जागी स्नायूंना हुकूम पोचविणाऱ्या प्रेरक चेतापेशी घडतात. घटक तोच, सोबती बदलला, आणि पेशीचे भवितव्य बदलले. हे सारे चित्र जुन्या मामलेदार कचेरीच्या कारभारासारखे आहे: एकाच नमुन्याचा शिक्का बाळगणारे दोन अंमलदार एकाच खात्यात असतात, पण कोणाच्या शिरस्तेदाराने कोणते दफ्तर पुढे ठेवले आणि कोणत्या तालुक्याचा कारभार त्याच्याकडे आहे, यावर शिक्का कोठे उमटणार हे ठरते.

उघडे दफ्तर

तिसरे उत्तर डीएनएच्या साठवणीत दडले आहे. पेशीतील डीएनए मोकळा लोंबत नाही. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि ज्या पेशीला जे जनुक नको त्याचा भाग घट्ट मिटलेला राहतो. मिटलेल्या भागात शब्द कितीही सुबक असला तरी बहुतेक घटकांना तो दिसत नाही. तणावाच्या वेळी स्रवणाऱ्या कॉर्टिसॉलला प्रतिसाद देणारा ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही आणि पुरुषत्वाच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारा अँड्रोजेन ग्राही हे दोघे जवळजवळ एकच शब्द वाचतात. पण 2011 सालच्या एका अभ्यासात दिसले की ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही ज्या जागी बसतो त्यांतील बहुतांश जागा संप्रेरक येण्यापूर्वीच उघड्या झालेल्या असतात. म्हणजे यकृतात आणि दुग्धग्रंथीत एकच ग्राही वेगळी जनुके जागवितो, कारण तो येण्यापूर्वीच त्या दोन पेशींनी आपापली दारे निरनिराळी उघडून ठेवलेली असतात.

मग पहिल्यांदा दार कोण उघडते? या प्रश्नाच्या उत्तरात केनेथ झारेट आणि इतरांनी अग्रगामी घटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांचे वर्णन केले. मिटलेल्या डीएनएवरही जाऊन बसण्याची आणि तो भाग हळूहळू मोकळा करण्याची त्यांची क्षमता असते. यकृताच्या घडणीत फॉक्सए या घटकांचे काम असेच आहे. एका कुळातील दोन घटकांपैकी एकाला ही क्षमता असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर शब्द समान असूनही त्यांचे कार्य दोन टोकांना जाते.

शेपट्या, दुबळ्या जागा आणि वेळ

चौथे उत्तर अलीकडचे आणि विचारात पाडणारे आहे. प्रतिलेखन घटकाचा डीएनए धरणारा भाग हा त्याच्या देहाचा लहानसा अंश असतो. उरलेला भाग बहुधा ठराविक घडी नसलेला, लवचीक असतो, आणि तो केवळ जनुक जागे करण्याच्या कामाचा मानला जाई. 1985 साली रॉजर ब्रेंट आणि टाश्ने यांनी एका घटकाचा वाचणारा भाग आणि दुसऱ्याचा जागविणारा भाग जोडून काम करणारे संकरित प्रथिन बनविले, तेव्हापासून ही कामाची विभागणी पक्की झाली होती. परंतु 2020 साली इस्रायलमधील नामा बार्काई यांच्या गटाने यीस्टमध्ये असे दाखविले, की हा लवचीक भागच घटकाला योग्य जनुकांजवळ नेण्यात मोठा वाटा उचलतो; तो काढून टाकला, तर वाचणारा भाग भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. आणि सगोत्र घटकांत सर्वांत अधिक फरक पडतो तो याच भागात.

लवचीक भागांतील फरकामुळे एकाच जागेवर परस्परविरुद्ध परिणामही घडतात. घडत्या लाल रक्तपेशींत केएलएफ-1 हा घटक बीटा-ग्लोबिन जनुकाजवळचा सी-ए-सी-सी-सी हा शब्द वाचून ते जागवितो; या शब्दात बिघाड झाला तर थॅलेसेमिया होतो, यावरून त्याचे महत्त्व ध्यानी यावे. त्याचा सगोत्र केएलएफ-3 तसलाच शब्द वाचतो, पण तो आपल्यासोबत दमनकारी प्रथिन ओढून आणतो आणि जनुकाला आवर घालतो. वाचन एक, निवाडा दोन.

पाचवी गोष्ट दुबळ्या जागांची. घटक ज्यावर घट्ट बसतो तीच जागा खरी, असा पूर्वी समज होता. 2015 साली डेव्हिड स्टर्न यांच्या गटाने माशीच्या एका जनुकाविषयी याच्या उलट सिद्ध केले: त्या जनुकाच्या नियामक भागात दुबळ्या जागांचा समूह असतो, त्यांवर अपेक्षित हॉक्स प्रथिनच बसते, त्या जागा सुधारून घट्ट केल्या, तर जनुक जोमाने चालते खरे, पण मग इतर हॉक्स प्रथिनेही ते चालवू लागतात. विशिष्टता आणि बळकटी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. याला घटकाचे पेशीतील प्रमाण आणि तो टिकण्याचा काळ यांची जोड दिली, म्हणजे या प्रश्नाचा पट बहुतेक पुरा होतो.

तोंडाच्या अस्तरातील तीन भाऊ

आता हे सारे विवेचन एका जागी कसे एकवटते ते पाहू. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी 1944 साली तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र 1952 साली त्यांच्याच नेतृत्वाखाली उभे राहिले, आणि पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी तेथे ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. त्या पिढीला रोगाचे सामाजिक कारण दिसत होते; पेशीतील कारण दिसायला आणखी काही दशके जावी लागली.

पी-53 हे प्रथिन 1979 साली एकाच वेळी अनेक प्रयोगशाळांत सापडले. निरोगी पेशीत ते तयार होते आणि एमडीएम-2 या प्रथिनाच्या हातून लगेच नष्टही होते. परंतु डीएनएला इजा झाली की ते साचू लागते आणि एकतर पी-21 जनुक जागवून पेशीचे विभाजन थांबविते किंवा प्यूमासारखी जनुके जागवून तिला मरण पत्करायला लावते. ज्या उंदरांत हे प्रथिन नाही ते जन्माच्या वेळी बहुधा धडधाकट असतात, पण लवकरच अर्बुदांनी मरतात. याचे दोन सगोत्र, पी-73 आणि पी-63, 1997 व 1998 साली उजेडात आले. तिघांच्याही डीएनए धरणाऱ्या भागात मोठे साम्य आहे. तिघेही चार-चार रेणूंचा गट करून बसतात. तिघांचा शब्दही मुळात एकच, दहा-दहा अक्षरांचे दोन अर्धे. असे असूनही पी-63 नसलेले उंदीर त्वचेविना आणि खुरटलेल्या पायांनी जन्मतात व तत्काळ मरतात, तर पी-73 नसलेल्यांच्या मेंदूच्या घडणीत आणि श्वासमार्गातील केसाळ पेशींत दोष राहतो. एक भाऊ रक्षक, दुसरा घडविणारा, तिसरा निराळ्याच मुलखाचा.

भेद कोठून आला ते शोधताना वर सांगितलेली बहुतेक उत्तरे एकत्र दिसतात. पी-63 शब्दातील चुका पी-53 पेक्षा अधिक चालवून घेतो. तोंडाच्या अस्तराच्या तळच्या थरात पी-63 चे जे रूप मुख्य असते त्याच्या टोकाचा नेहमीचा जागविणारा भागच नसतो. ते पी-53 च्या काही जागा अडवून धरते आणि केराटिन-5 व केराटिन-14 यांसारखी अस्तराची जनुके चालू ठेवते. त्याच्या दुसऱ्या टोकाला पी-53 मध्ये नसलेला एक भाग आहे. माणसात डीएनए धरणारा भाग बिघडला तर हाताची बोटे व टाळू दुभंगण्याचा विकार होतो, आणि हा शेपटीकडचा भाग बिघडला तर त्वचा सोलवटण्याचा वेगळाच विकार होतो. एकाच प्रथिनाच्या दोन भागांतील बिघाडांचे दोन निराळे रोग व्हावेत, यापेक्षा शब्दापलीकडच्या भागांचे महत्त्व सांगणारा अधिक स्पष्ट पुरावा नाही. शिवाय 2019 साली असे दिसले की अस्तराच्या पेशींत पी-63 काही नियामक जागा सतत उघड्या राखतो, आणि संकटकाळी पी-53 त्याच जागांचा उपयोग करतो. भाऊ भावासाठी दार उघडे ठेवतो म्हणूनच त्वचेतील पी-53 रक्तपेशीतील पी-53 सारखा वागत नाही.

कर्करोगात ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी कोसळते. गाल आणि हिरडी यांच्यातील कर्करोगाच्या भारतीय रुग्णांचा जनुकीय अभ्यास 2013 साली एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या भारतीय गटाने प्रसिद्ध केला. त्यात नवी मुंबईच्या खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांचा मोठा वाटा होता, आणि वारंवार बिघडलेल्या जनुकांत पी-53 चे जनुक अग्रभागी होते. याउलट पी-63 चे जनुक तिसऱ्या गुणसूत्राच्या ज्या भागात आहे, त्याच भागात सॉक्स-2 या घटकाचेही जनुक आहे, आणि अस्तराच्या अनेक कर्करोगांत तो सबंध भाग अनेक प्रतींनी वाढलेला असतो. गर्भाच्या मूलपेशींत सॉक्स-2 ऑक्ट-4 च्या सोबतीने काम करतो. या कर्करोगांत मात्र तो पी-63 च्या सोबतीला येऊन बसतो असे 2014 साली दिसले. सोबती बदलल्याने काम बदलते, हा सिद्धान्त येथे रोगाच्या रूपाने खरा ठरतो.

महाराष्ट्रातील दोन प्रयोगशाळा

या प्रश्नावर महाराष्ट्रातही मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि पुढे तेथील आयसर या संस्थेत संजीव गलांडे यांनी सॅटबी-1 या घटकाचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींत हे प्रथिन डीएनएचे दूरचे भाग एकत्र बांधून ठेवते. 2006 साली त्यांच्या गटाने दाखविले की त्यावर फॉस्फेटचा एक रेणू चढला की ते दमनकारी सोबती पत्करते आणि तो उतरला की जनुक जागविणारा सोबती, म्हणजे एकाच प्रथिनाचे काम एका रासायनिक खुणेने उलटते. सॅटबी-1 चा जवळचा सगोत्र सॅटबी-2 हा टाळू आणि मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या चेतापेशी घडविण्यास आवश्यक असतो, आणि 2009 च्या एका युरोपीय अभ्यासात तर असे दिसले की मूलपेशींच्या नॅनोग या जनुकावर हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी काम करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटाने 2008 साली सिद्ध केले, की मेंदूच्या बाह्य थराला त्याची ओळख एलएचएक्स-2 हा घटक देतो. तो नसेल तर त्याच पेशी शेजारच्या निराळ्या भागाचे रूप घेतात. 2010 सालचे जीवशास्त्राचे भटनागर पारितोषिक गलांडे आणि टोळे या दोघांना मिळाले, हा योगायोग या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

या सर्व मतांची कैफियत तपासल्यावर माझा निर्णय असा आहे की एकच उत्तर शोधण्याचा आग्रह सोडला पाहिजे. सगोत्र घटकांचे वेगळेपण कोणत्याही एका बलवान कारणातून येत नाही. ते शब्दातील एका अक्षराचा भेद, डीएनएचा आकार, सोबती, उघडी दारे, लवचीक भाग, दुबळ्या जागा आणि प्रमाण, या अनेक लहान कलांच्या बेरजेतून येते, आणि ही बेरीज दर पेशीत निराळी असते. जिवाणूतला दमनकारी रेणू एका शब्दावर विसंबू शकला, कारण त्याचे जग लहान होते. आपल्या देहासारख्या मोठ्या व्यवस्थेत अधिकार एका शब्दाच्या सनदेवर सोपविणे घातकच ठरले असते. म्हणूनच एखादा घटक औषधाने बंद करण्याचा विचार करणाऱ्याने तो घटक ज्या पेशीत आहे ती पेशी आणि ज्यांच्या सोबत बसतो ते सोबती, यांचा हिशेब आधी मांडला पाहिजे. पी-63 ला कर्करोगात आवर घालणारे औषध त्वचेला पोसणाऱ्या पी-63 लाही गाठणार आहे, हे विसरून चालणार नाही.

आमच्या भागातील शिक्षकांना माझी विनंती आहे की खानापूर-निपाणीच्या मराठी शाळांतून आणि बेळगावच्या महाविद्यालयांतून जनुक हा विषय शिकविताना तो केवळ वाटाण्याच्या दाण्यांवर संपवू नये. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गालाच्या आत जे घडते तिथपर्यंत तो न्यावा. आणि घरोघरच्या वाचकांना एक सांगणे आहे. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजून, तिची भुकटी करून रोज पहाटे बोटाने हिरड्यांवर घासली जाणारी मशेरी ही दंतमंजन नव्हे. तिच्यातील विषारी द्रव्ये ज्या पेशींच्या डीएनएला इजा करतात, त्याच पेशींत पी-53 आणि पी-63 रात्रंदिवस काम करीत असतात, आणि त्यांच्या सहनशीलतेला मर्यादा आहे. मशेरी, जर्दा आणि गुटखा आजच सोडावा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तीन आठवड्यांत न भरणारी जखम राहिली किंवा तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर दिरंगाई न करता दंतवैद्याला किंवा डॉक्टरला दाखवावे, कारण तोंडाचा कर्करोग लवकर ओळखला गेला तर बरा होऊ शकतो.